मांडवाला बांधलेली वायर

तो दुकानात आला तोच माझा अपमान करत.

"ओ ताई, हा घ्या तुमचा बोर्ड. मुका निघाला."

आणि काउंटरच्या काचेवर तो असा आपटला की आतले डबे थरथरले. मी हातातलं काम खाली ठेवलं. वर बघितलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाहीवर फवारणीचे निळसर डाग, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर. तेव्हा मला फक्त बोर्डाच्या कोपऱ्यातला लाल ठिपका दिसत होता.

कारण तो ठिपका माझा आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शेखरकाकांचं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालाचं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी मी तिथं पुड्या बांधायला लागले. अकरावीत शाळा सोडली होती. प्रॅक्टिकलला सर म्हणाले, मुलींनी वहीत आकृत्या काढा, मशीनला मुलं हात लावतील. मी वही त्यांच्याच टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले ती पडलेच. इथं पुड्या बांधता बांधता सगळं शिकले, मग काकांनी तपासणीचं टेबल दिलं. बोर्ड म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणकच. विकायच्या आधी मी तो लॅपटॉपला लावते, बोलतो का बघते. बोलला, तर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. आता गिऱ्हाइकं स्वतःहून म्हणतात, "ठिपकेवाला द्या." एकोणीस वर्षांच्या, शाळा सोडलेल्या मुलीवर एवढा विश्वास दुसरं कोण ठेवतं? तर असा तो ठिपका. आणि हा म्हणतो, मुका!

"बोर्ड मुका नाहीये," मी म्हटलं. "तू बहिरा असशील."

"काय?"

"थांब. दाखवते."

बोर्डात एक छोटा प्रोग्राम टाकला. आपण जे टाइप करू ते जसंच्या तसं परत पाठवायचं, एवढंच त्याचं काम. मग मी 'बावळट' टाइप केलं आणि एंटर मारला. खालच्या ओळीत लगेच आलं... 'बावळट'.

"बोलला," मी म्हटलं. "आणि खरं बोलला."

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. बोर्डवाल्याने ओठ घट्ट मिटले, पण डोळ्यांत हसू होतंच. मला ते अजिबात आवडलं नाही. चिडलेल्या माणसाने नीट चिडावं.

"इथं चालतंच ओ," त्याने पिशवीतून दुसरा बोर्ड काढला. "मी दोन घेतलेत. हा पाठवतो, तो ऐकतो. तुमच्याकडं दोन्ही लावा, आकडे एकदम छान येतील. मळ्यात नेलं की नुसता कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं..."

"स्पीड?"

"दोन्हीकडं ९६००."

"पाठवायची पिन समोरच्याच्या ऐकायच्या पिनेला जोडलीये ना?"

"तीनदा तपासलं."

"ग्राउंड?"

"तीनच्या तीन वायरी जोडल्यात. मी इंजिनिअरिंगला आहे, ताई. शेवटच्या वर्षाला."

हे 'शेवटच्या वर्षाला' तो ज्या सुरात बोलला ना, त्या सुरावर मला शाळेपासून चीड आहे.

तेवढ्यात शेखरकाका आतून आले. फोन नाकाजवळ धरलेला. "स्वराज म्हणजे तूच का? दिंडोरीकडचा?" आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. सकाळीच दुकानाच्या ऑनलाइन पानावर या नावाने कुणीतरी पाचपैकी एक तारा दिला होता. खाली लिहिलं होतं: 'बोर्ड तपासणाऱ्या मुलीला काही कळत नाही. लाल ठिपक्यावर विश्वास ठेवू नका.'

माझ्या कानांतून वाफ निघायची बाकी राहिली.

"हे तू लिहिलंस? आणि वर ताई, ताई करत आत आलास?"

"पाच दिवस झोपलो नव्हतो," तो पुटपुटला. "रागात लिहिलं."

"राग मलाही येतो. मी बाजारात पाटी लावत नाही!"

काकांनी चष्मा काढला. ते ओरडत नाहीत, तेच वाईट. "रोशनी, दुकानाला आजवर कुणी एकच तारा दिला नव्हता. सोमवारपर्यंत कळू दे कुणाचं चुकलं. तुझं असेल तर ठिपका बंद, तू परत पुड्यांवर."

परत पुड्या... मी त्या मुलाकडे वळले.

"रविवारी तुझ्या मळ्यात येते."

"तुम्ही? मळ्यात?"

"का? मुलींना मळ्यात बंदी आहे?"

"नाय... लय लांबे म्हणून म्हटलं."

"पत्ता टाक. आणि ताई म्हणू नको. माझा भाऊ असतास तर आत्ता थोबाडीत दिली असती."

"आणि भाऊ नाय म्हणून...?" तो हळूच म्हणाला.

मी लॅपटॉप खटकन मिटला. त्याच्या त्या हळू आवाजाचाही राग आला.

रविवारी सकाळी मावशीची स्कूटी काढली. दिंडोरीच्या पुढे गेल्यावर थंडीने बोटं वाकडी झाली. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, वर धुकं, आणि धुक्यातून कुठेतरी ट्रॅक्टरची घरघर. हा रस्त्यावर येऊन उभा होता. केस विंचरलेले. मळ्यात जायला कोण केस विंचरतं?

पडवीत त्याच्या आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. उज्वलाकाकू. हातात पीठ.

"हीच का ती? जिला तू फोनवर शिव्या घातल्या?"

"आई..."

"ये गं पोरी. आधी चहा घे, मग याला हाण. मी धरून ठेवते."

काकू मला तिथेच आवडल्या. पण मी हसायचं नाही असं ठरवून आले होते, म्हणून बशीतच बघत राहिले.

मळ्यात त्याने सगळं दाखवलं. मांडवावर पानांमध्ये एक बोर्ड, तो पानांवरची ओल मोजतो. खाली मांडवाच्या लोखंडी खांबाला, अँगलला, डबा बांधलेला, त्यात दुसरा बोर्ड, तो आकडा दाखवतो. दोघांना वेगवेगळ्या बॅटऱ्या. "दव किती तास टिकलं हे कळलं ना, की डावणी रोगाचं औषध अंदाजाने मारायला नको," तो सांगत होता. "आई रोज पाचला उठून पानं चाचपडते. हात बघितले का तिचे?"

बघितले होते. पण मी माझ्या ठिपक्यासाठी आले होते, मऊ व्हायला नाही. "चालू कर," मी म्हटलं.

चालू केलं. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं, मध्येच एखादा आकडा, परत चौकोन.

मी लॅपटॉप काढला. दोन केबली, एक वरच्या बोर्डाला, एक खालच्या. कोण काय बोलतंय ते दोन्हीकडून ऐकायचं म्हणून. आणि केबली लावल्या लावल्या आकडे सुरू... चौसष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट. गोळीसारखे.

केबली काढल्या. चौकोन.

लावल्या. त्रेसष्ट.

काढल्या. चौकोन.

"बघा," तो म्हणाला. "तुम्ही जवळ असलं की चालतंय."

"लाडात येऊ नको."

"मी खरं तेच सांगतोय..."

माझं डोकं तापलं. हा कसला बिघाड, जो आपण बघायला गेलो की लपतो? शाळेतली पोरं आठवली. सर वर्गात आले की हाताची घडी, सर गेले की धिंगाणा. मी पालथ्या क्रेटवर बसले. मांडवावरून दवाचा एक थेंब मानेवर पडला, टोचल्यासारखा थंड. स्वराजने आपला गमछा पुढे केला. मी घेतला नाही. मग घेतला.

आणि मान पुसता पुसता वाटलं... लॅपटॉप नुसता ऐकत नाहीये. तो मध्ये पडून काहीतरी जोडतोय. दोन केबली एकाच लॅपटॉपला, म्हणजे दोन्ही बोर्डांचं ग्राउंड, त्यांचं शून्य, त्याच्या आतून एक होतंय. माझ्या टेबलावरही तेच झालं असतं. टेबलावर सगळं चालणारच होतं!

"स्वराज. तिसरी वायर दाखव."

"कुठली?"

"ग्राउंडची. काळी."

त्याने बोट दाखवलं. वरच्या बोर्डाची काळी वायर बोर्डातून निघत होती आणि... मांडवाच्या तारेला गुंडाळलेली होती. खालच्या बोर्डाची काळी वायर डब्यातून निघून अँगलला.

मी ती वायर बोटाने उचलली.

"ही तिसरी वायर?"

"हो. म्हणजे... मांडव सगळा लोखंडाचाच आहे ना. तार अँगलला, अँगल तारेला. सगळं एकच. घरात दोनच पदरी वायर होती, म्हटलं तिसरीचं काम मांडव करील."

"मांडव करील!"

माझ्या आवाजाने साळुंक्या उडाल्या. मी चाकूने अँगलचा कोपरा खरवडला. वर गंज, गंजावर बोर्डो फवारणीचा निळा थर, त्यावर वर्षानुवर्षाचं औषध. तार अँगलला नुसती टेकली होती, मध्ये ही एवढी साय. "यातून वीज जाईल? दोघांना आपलं शून्य एकच आहे हे कळलं तरच एकाचं बोलणं दुसऱ्याला कळतं. नाहीतर तो काहीही बोलतो, हा काहीही ऐकतो. आणि तू छाती पुढे काढून सांगितलंस, तीनच्या तीन वायरी जोडल्यात! शेवटच्या वर्षाला! मांडवाला वायर बांधून मला कळत नाही म्हणतोस? जगासमोर?"

मी पिशवीतून काळी वायर काढली, दोन बोर्डांमध्ये सरळ ओढली, लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

एकसष्ट.

साठ.

साठ.

"चालतंय..." तो कुजबुजला. मग ओरडला, "आई! चालतंय!" आणि आनंदात त्याने माझा हात धरला. दोन्ही हातांनी. लगेच सोडला. त्याच्या बोटांवर गंज होता, तो माझ्या तळव्यावर उमटला. मी तो पुसला नाही, पण ते रागात लक्षात आलं नाही म्हणून.

"आता फोन काढ," मी म्हटलं. "आणि लिही."

"फोनवर नाय लिहिणार."

"काय?"

"शिवी चोरून दिली होती. माफी समोर येऊन मागतो. उद्या दुकानात."

सोमवार. दहा वाजले, अकरा वाजले. मी काकांना सगळं सांगितलं, पण ते म्हणाले, गिऱ्हाइकाने सांगू दे. दुपारी त्यांनी न बोलता माझ्या टेबलावर रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा आणून ठेवला. चार वाजेपर्यंत मी एकशे वीस पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीत त्या मुलाचा गळा आवळला. खोटारडा. केस विंचरतो म्हणे.

पाच वाजता तो आला. धापा टाकत, हाताला फडकं बांधलेलं.

"ट्रॅक्टर चिखलात रुतला होता," तो काकांना म्हणाला, आणि मग सगळं दुकान ऐकेल इतक्या मोठ्याने, "काका, चूक माझी होती. मी ग्राउंडची वायर मांडवाच्या तारेला बांधली होती. बोर्ड चांगला होता. हिने एका सकाळीत शोधलं. शिकलेली नसून इतकी हुशार मुलगी मी..."

"काय म्हणालास?"

मी पुडी खाली टाकली.

"शिकलेली नसून? मी शिकलेय! या टेबलावर शिकलेय, जळालेले बोर्ड उघडून शिकलेय. तू शिकलेला असून मांडवाला वायर बांधलीस, ते कुणी म्हटलं का मी? कौतुक करायचं तर नीट कर, नाहीतर तो एक तारा बरा होता!"

मला वाटलं आता चिडेल, जाईल. त्याने मान खाली घातली, परत वर केली. आणि ते डोळे... पिंगट आहेत, सांगून टाकते एकदाचं.

"चुकलं," तो म्हणाला. "परत म्हणतो. काका, तीन वर्षं कॉलेजात सगळ्यांनी मला सांगितलं की टेबलावर चालतंय ना, मग झालं. टेबल सोडून मळ्यात आलेली ही एकटीच. ठिपका हिचाच राहू द्या. पुढचे सगळे बोर्ड मी हिच्याच हातचे घेईन."

काकांनी चष्मा घातला. पुड्यांचा गठ्ठा उचलला आणि स्वतःच्या काउंटरवर नेला. "टेबल मोकळं कर, रोशनी," ते म्हणाले. "नवीन माल आलाय. तपासायचाय."

मी नेलपॉलिशची बाटली काढून टेबलावर ठेवली.

दुकान वाढवून बाहेर आले तर हा पायरीजवळ उभा. कंपन्या सुटलेल्या, रस्ताभर सायकली आणि बाइक. तो फडक्याची गाठ उगाच सोडत होता, बांधत होता.

"अजून गेला नाहीस?"

"रोशनी... रविवारी ये ना मळ्यात."

ताई गेली होती. 'तुम्ही'ही कुठेतरी वाटेत पडलं होतं. माझ्या लक्षात आलं, पण मी दाखवलं नाही.

"का? आता काय बिघडवलंस?"

"काय नाय. सगळं चालू आहे."

"मग मी कशाला येऊ?"

"तेच..." त्याने गाठ सोडून दिली. "काहीच बिघडलेलं नसताना ये. एकदा."

मी तोंड उघडलं. एक चांगलं खरमरीत वाक्य तयार होतं जिभेवर. पण आजवर मला ज्याने बोलावलं, त्याने काहीतरी बंद पडलं म्हणून बोलावलं. हे वाक्य मला कुणी म्हटलंच नव्हतं. राग आला. इतक्या दिवसांत एकानेही कसं म्हटलं नाही?

"किती वाजता?" मी खेकसले.

"आठला? तेव्हा दव असतं पानांवर. बघायला छान..."

"आठ?" मी स्कूटीला किक मारली, आणि हसू आलंच शेवटी, आवरलं नाही. "आठपर्यंत काय करू मी? साडेसहाला येते."