दहा हात जास्तीचे

रुखमाला तलावात पोहू देण्यात श्रावणचा फायदा काय होता? सरळ मोजलं, तर काहीच नाही. पोंभुर्ण्याचा तो तलाव त्याच्या शिंगाड्यांनी भरलेला, ऐन तोडणीचे दिवस... आणि त्याच्या डोंग्याला येऊन धडकली एक मुलगी! गळ्यात वेल, नाकाला पान, पापण्यांवर थेंब.

"कुठी चालल्या, बाई?"

"पल्याड."

"आन् मंग?"

"परत इथीच."

"परत इथीच यायचं, तं निगता काऊन?"

ती हसली. गड्याचं गणित तिथेच बुडालं.

रुखमा राज्याची जलतरणपटू, घरी अकरा पदकं. नागपूरचा तरणतलाव दुरुस्तीसाठी कोरडा पडला, म्हणून पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी केसरबाई मावशीकडे आलेली. मागच्या वर्षी ती मागे पडली होती. यंदा पुण्याच्या चाचणीत शिबिरासाठी निवड हुकली, तर पोहणं कायमचं संपलं.

"पन्नास मीटरची वाट मोकळी करून देसान का?"

श्रावणने वेल कापले, दोन टोकांना बांबू रोवले. पन्नास मीटर म्हणजे एकशे दहा हात. त्याने मात्र दुसरा बांबू एकशे वीस हातांवर ठोकला. तेवढीच ती जास्त वेळ दिसेल — एवढाच त्याचा लोभ.

रोज सकाळी ती गळ्यातलं स्टॉपवॉच त्याच्या गळ्यात घाली. बोटं जरा जास्तच रेंगाळत...

"पान्यात असता तवा मनात काय रायते?" तो विचारी.

"मोजत रायते."

"काय?"

"तुले काय करायचं?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तिच्यासाठी उकडलेले शिंगाडे मात्र तो न चुकता आणी.

वीस दिवस गेले. पुण्याला निघायच्या आदल्या सकाळी तिने घड्याळ पाहिलं आणि बांबूला धरून धापा टाकत राहिली. श्रावणला राहवलं नाही.

"रुखमा... वाट लांब हाये. दहा हात. मीच केली."

"काऊन?"

"तू दिसाले पायजे म्हून." त्याने मान खाली घातली. "तुयं नुकसान केलं मी."

तिने केस पिळले — मुद्दाम त्याच्या अंगावर.

"पन्नास मीटरले मले चव्वेचाळीस हात मारा लागतात. इथी अठ्ठेचाळीस मारा लागले. पयल्याच दिवशी मोजलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती, तं तू बांबू सरकवला असता ना!"

चाचणीत ती पहिली आली. शेवटच्या दहा मीटरांत बाकीच्या दमल्या. हिच्या दंडांना तर अजून दहा हात बाकी असल्याची सवय!

पण पहिली आली, म्हणजे जाणंही आलं. सहा महिन्यांचं शिबिर, थेट पटियाला. निरोप घ्यायला ती पोंभुर्ण्याला आली; एसटीत चढण्याआधी तिने स्टॉपवॉच सुरू केलं आणि त्याच्या गळ्यात घातलं.

"रोज चावी देजो. बंद मी करीन."

खिडकीखाली उभा राहून त्याने विचारलं, "कुठी चालल्या, बाई?"

"पटियाला."

"आन् मंग?"

तिचे डोळे भरले, तरी हसलीच. "परत इथीच."

बस गेली. आता हिशेब करायचाच, तर दहा हात वाटेचे शिंगाडे वेलांनी दिले, जादा दम रुखमाच्या दंडांनी भरला. श्रावणचं देणं मात्र चालूच होतं — टिक् टिक्, छातीवर.