पुटकुळ्यांची केस

“मावशी, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांची केस घेतेस का गं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून पिल्लूने एकदाचं विचारून टाकलं. सोळा वर्षांची घोडी झाली तरी घरात ती पिल्लूच होती. विचारलं मात्र, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. आता मावशी हसणार!

मावशी खाजगी गुप्तहेर. विमा कंपन्यांना गंडवणाऱ्यांच्या मागावर राहायचं, हा तिचा धंदा. तिने चहाचा कप खाली ठेवला.

“घेते. गुन्हा कधी घडला?”

“महिन्यापूर्वी! त्याआधी रक्तात झिंक कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी कॅप्सुल दिल्या होत्या. दोन महिन्यांत चेहरा मस्त झाला. मग अचानक कपाळावर, हनुवटीवर बारीक बारीक, एकसारखे दाणे. एक दिवस चुकवला नाही, तरी! कुणीतरी माझ्या कॅप्सुल बदलल्यात. शनिवारी वक्तृत्वाची अंतिम फेरी आहे. बाईंना आज सहापर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणणार. उभी राहू दे दुसरी कुणी.”

घड्याळात साडेचार वाजले होते.

“सोपं आहे!” बाबा उठलेच. “औषधवाल्याने भेसळीचा माल दिला. चला, पकडू त्याला.”

“भावोजी, आधी तुमच्या चपला शोधा, मग औषधवाला.” मावशी पिल्लूकडे वळली. “कधी घेतेस?”

“सकाळी. नाश्त्याआधी, बाथरूममध्ये.”

“उपाशीपोटी? मळमळत नाही?”

“आधी जाम मळमळायचं. आता सवय झाली. फक्त हल्ली वास येतो, नाक दाबून गिळते.”

“शरीराला सवय होतेच,” बाबांनी मान डोलावली.

“आणखी काही बदललं?”

पिल्लूने बाबांकडे चोरून पाहिलं, मग मावशीच्या कानाला लागली. लघवी पिवळीधमक होते, अगदी चमकणारी. हे सांगताना तिला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कुजबुज जरा मोठी झाली असावी, कारण बाबा एकदम छताकडे बघू लागले.

मग तिने डबी आणली. पांढरी डबी, आत पांढऱ्या कॅप्सुल. बाहेर लेबल नाही, नुसता चिकट डाग.

“लेबल?”

“मीच खरवडलं. बाथरूममधल्या टॉवेलांच्या कपाटात, मागे लपवते. कुणी वाचलं तर परत तोंडाला चाळणी म्हणून चिडवतील.”

“चाळणी कोण म्हणालं?”

पिल्लू डबीवरचा चिकट डाग नखाने खरवडू लागली. बाबांनी वर्तमानपत्र उचललं.

मावशी स्वयंपाकघरात गेली. “ताई, टॉवेलांचं कपाट कधी आवरलंस?”

“महिना झाला असेल. सगळं बाहेर काढून धुतलं. का गं?”

“मागे काय सापडलं?”

“काही नाही.” आईने पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला.

तेवढ्यात दादा कॉलेजातून आला आणि टोपीसकट खुर्चीत बसला.

“घरात टोपी?” मावशीने विचारलं.

“स्टाइल असते ती, मावशी. तुझ्या जमान्यात नव्हती.”

“स्टाइल राहू दे,” आई म्हणाली. “महिना झाला, नाश्त्याला हात लावत नाही. रोज सकाळी याला मळमळतं.”

“परीक्षेचं टेन्शन,” बाबांनी निकाल दिला.

मावशी उठली. बाथरूममध्ये खुडबुड झाली, मग बाल्कनीतून फोनवर बोलण्याचा आवाज. ती परतली तेव्हा तिच्या हातात आणखी एक डबी होती. तीही पांढरी, बिनलेबलची. आत पांढऱ्याच कॅप्सुल.

“बसा सगळे. पिल्लूच्या डॉक्टरांशी बोलले. झिंक उपाशीपोटी घेतलं की पुष्कळांना मळमळतं. पिल्लूची मळमळ ज्या महिन्यात थांबली, त्याच महिन्यात दादाची सुरू झाली. भावोजी, ती सवयीने गेली नाही. शेजारच्या खोलीत राहायला गेली.”

बाबांचं तोंड उघडंच राहिलं.

“उग्र वास आणि तो पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सचा. त्यातलं बी-बारा जास्त झालं, तर काहींच्या तोंडावर असेच एकसारखे दाणे उठतात. मग बी-कॉम्प्लेक्स आणलं कुणी? केस गळतात म्हणून घरातही टोपी न काढणाऱ्याने.”

दादाने हळूच टोपी काढली. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलं होतं. त्याने मान वर केली नाही.

“मीपण लेबल खरवडलं होतं,” तो पुटपुटला. “तिथेच ठेवायचो. खालच्या कप्प्यात.”

“एकाच दुकानातल्या, एकसारख्या डब्या,” मावशी म्हणाली. “एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. मग कपाट आवरलं गेलं.”

आई रडवेली झाली. “मला दोन्ही सापडल्या होत्या. वाटलं, पोरं काही भलतंच घेतात की काय. विचारायचा धीर झाला नाही. जशा होत्या तशा ठेवून दिल्या.”

“तशा नाही, ताई. उलट.”

“म्हणजे गुन्हेगार कुणीच नाही!” बाबा सुटल्यासारखे म्हणाले.

“आहे ना. एका घरात दोन मुलं औषधाची लेबलं खरवडतात. कशाला घाबरून? चाळणी कोण म्हणालं, ते मी मघाशी विचारलं होतं.”

“पाहुण्यांसमोर म्हणालात, बाबा,” पिल्लूचा आवाज चिरकला. “आणि दादाला म्हणालात, पौर्णिमा जवळ आली.”

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

“गंमत केली होती गं,” ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. “चुकलं माझं. दोघांच्याही बाबतीत.”

मावशीने दोन्ही डब्या पर्समध्ये टाकल्या. “या बंद. उद्या दोघांनी डॉक्टरांकडे जायचं. लेबलासकट.”

सहाला दहा कमी होते. पिल्लूने फोन उचलला, बाईंना निरोप पाठवला आणि खुर्चीवर चढून उभी राहिली. कान अजून गरम होते. असू देत.

“आई, बाबा, ऐका. शनिवारी मी बोलणार आहे. पावडरचा थर न लावता, हाच चेहरा घेऊन. बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. आणि हसायचं ते मी विनोद केला तरच.”