कोपरा दुमडलेलं कार्ड

छापखान्यातले मशीनवाले गेले, धुकं काही हटत नाही, आणि तुम्ही तिघं मघापासून भुतांवरून एकमेकांची टर उडवताय. उडवा. तुमच्या वयात मीही उडवायचो. तो दिवा तेवढा इकडे सरकवा. प्रुफं वाचून वाचून माझे डोळे गेले, पण ही गोष्ट वाचलेली नाही. ज्यांच्या बाबतीत घडली त्या बाईंची सगळी पुस्तकं याच टेबलावर तपासली मी.

मिसेस थिओडोरा बेलिंगहॅम. तुमच्या आयांनी त्यांच्या कादंबऱ्या उशीखाली लपवून वाचल्या असतील. बाई तोंडाच्या भारी तिखट. एका टीकाकारानं लिहिलं, यांच्या कादंबऱ्यांत काही घडतच नाही. तर म्हणाल्या, "माझ्या घरी तरी कुठे काही घडतं? पण हे गृहस्थ दर मंगळवारी चहाला येतातच की!"

मंगळवारचा चहा खरा दोघींचा. दुसरी मिलिसेंट ऑर्डे, तीही लेखिकाच. लोक जमायच्या आधी एकीनं प्रकरण वाचायचं आणि दुसरीनं त्यातली हवा काढायची. "थिओ, तुझा नायक तीन पानं उसासेच टाकतोय. त्याला दमा आहे का गं?" असं मिलीचं बोलणं. थिओडोराबाईंचे निम्मे विनोद आधी मिलीच्या तोंडून आले होते, आणि बाई ते कधी नाकारत नसत. मग शहाण्णव साली मिलीनं नवऱ्याचं घर सोडलं आणि एका चित्रकाराबरोबर राहू लागली. झालं. लंडनची दारं एकेक करून बंद झाली.

तुम्हाला आता गंमत वाटेल, पण तेव्हा पद्धत होती. कुणाला भेटायचं नसलं की मोलकरीण दारात येऊन सांगायची, "बाईसाहेब घरी नाहीत." बाईसाहेब वर बसलेल्या असायच्या, आणि आलेल्यालाही ते ठाऊक असायचं. तो तबकात आपलं कार्ड ठेवायचा. आपण स्वतः येऊन गेलो हे कळावं म्हणून कार्डाचा एक कोपरा दुमडायचा. याला कुणी खोटं बोलणं म्हणत नसे.

त्याच वर्षी, मार्चमधल्या एका ओल्या दुपारी मिली आली. थिओडोराबाई वर होत्या, शेजारी दोन बड्या घरच्या बायका. डॉकेट, म्हणजे त्यांची मोलकरीण, वर विचारायला गेली. बाई म्हणाल्या, "सांग, घरी नाही." मग राहवेना म्हणून उठल्या आणि दोन बोटांनी पडदा सारून खाली पाहिलं. मिली रस्त्यावर उभी राहून वरच बघत होती. दोघींची नजरानजर झाली. तबकात कार्ड होतं, कोपरा दुमडलेलं. पुढच्या फेब्रुवारीत मिली छातीच्या दुखण्यानं गेली, फ्रान्समध्ये, दिएपच्या भाड्याच्या खोलीत.

आता ती रात्र. चौदा नोव्हेंबर अठराशे नव्व्याण्णव, मंगळवार. प्रकाशकाला बाईंच्या आठवणी हव्या होत्या, आणि आठवणींत मिली हवी होती, कारण लोक तेच वाचणार. बाईंनी आठवं प्रकरण तिच्यावर लिहिलं. ते तपासताना मी खो खो हसलो, आणि मग माझीच मला लाज वाटली. तिच्या उसन्या टोप्या त्यात होत्या, तिचा चित्रकार होता, तिचा खोकलासुद्धा होता. बाईंनी प्रूफ मंजूर करून त्या रात्री टपालात टाकलं की सकाळी छपाई सुरू.

बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि फार दमलेल्या. लोकांनी घरात पाऊल टाकायचं आणि बाईंनी हसवायचं, असं वीस वर्षं चाललं होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पाकीट बंद केलं. शेवटचं टपाल साडेनऊला निघायचं.

"द्या, मी टाकून येते," डॉकेट म्हणाली.

"नको. तू पाकिटाकडे बघून तोंड वाकडं करशील."

"आत काय आहे ते ठाऊक आहे मला, बाईसाहेब. जेवताना मोठ्यानं वाचत होतात की."

"मग हसली का नाहीस?"

डॉकेट बाईंचा कोट घेऊन आली.

धुकं आजच्यासारखंच, पिवळं, घशात बसणारं. टपालपेटी कोपऱ्यावर, चाळीस पावलांवर. बाई घरांचे लोखंडी कठडे चाचपत निघाल्या. चाळीस पावलं झाली. साठ झाली. पेटी येईना. मागे वळल्या, तर कठडा भलत्याच हाताला. कुठे घोड्याचा आवाज नाही, माणसाचा नाही. किती चालल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही. पाय दुखायला लागले. शेवटी एका दारावर दिवा दिसला. रस्ता विचारावा म्हणून त्यांनी घंटा ओढली.

दार लगेच उघडलं. जणू कुणी मागे उभंच होतं.

पांढरी टोपी, पांढरा एप्रन. दिवा पाठीमागे, त्यामुळे चेहरा दिसेना.

"माफ करा हं, मी फक्त रस्ता…"

"बाईसाहेब घरी नाहीत."

"अहो, मला कुणाला भेटायचं नाही. मी वाट चुकले."

"बाईसाहेब घरी नाहीत."

तेवढ्यात बाईंचं लक्ष आत गेलं. दाराजवळ छत्र्यांचा खण. त्यात एक छत्री. मुठीला लाकडी पोपट, आणि पोपटाची चोच तुटलेली. ती चोच त्यांच्याच हातून तुटली होती. एका मंगळवारी. मिलीच्या घरी.

बाई दोन पावलं मागे आल्या. वर पाहिलं.

वरच्या खिडकीत उजेड होता. पडदा हलला. दोन बोटं… फक्त दोन बोटं.

"मिली," बाई म्हणाल्या. "अगं, मी आहे. थिओ."

पडदा तसाच.

"मिली, मला वर येऊ दे गं. मी दमले."

…

मोलकरणीनं तबक पुढे केलं.

बाईंना कळलं, आपण काय केलं होतं ते. तीन वर्षं त्यांनी त्यावर विनोद केले होते. आज त्या स्वतः त्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. कोपरा दुमडला. कार्ड तबकात ठेवलं.

दार बंद झालं. दिवा गेला. खिडकीही गेली.

हात पुढे केला तर आपल्याच घराचा कठडा लागला. डॉकेट कंदील घेऊन पायरीवर उभी होती. पाकीट बाईंच्या दुसऱ्या हातात, ओलं. आत येऊन त्यांनी ते फोडलं आणि आठवं प्रकरण शेगडीत घातलं. मग खाली बसून रडल्या. डॉकेटनं त्यांचे बूट काढले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाई मिलीच्या जुन्या घराकडे गेल्या. ते घर जुलैतच पाडलं होतं. फळ्यांचं कुंपण आणि मागे खड्डा. बाई मला म्हणाल्या, "धुक्यात दमलेल्या माणसाला काहीही दिसतं. कार्ड पडलं असेल कुठेतरी गटारात." मीही हो म्हणालो. पुस्तक आठव्या प्रकरणाशिवाय निघालं आणि पडलं.

आता शेवटचं सांगतो, कारण ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डिसेंबरात प्रकाशकाच्या पत्त्यावर दिएपहून एक खोकं आलं, मिसेस बेलिंगहॅम यांच्या नावाचं. घरमालकिणीनं लिहिलं होतं, मयत बाईंनी हे यांना द्यायला सांगितलं होतं, माळ्यावर राहून गेलं, माफी असावी. मीच ते बाईंकडे पोचवलं. आत एक लिहायची पेटी, फितीनं बांधलेली. फितीवर तिथल्या ब्रिटिश कचेरीची लाखेची मोहोर, परदेशात मेलेल्याच्या सामानावर लावतात ती, आणि तारीख फेब्रुवारी सत्त्याण्णव. मोहोर अखंड होती. ती माझ्याच चाकूनं फोडली मी.

पेटीत तीन टाक, वाळलेली दौत, आणि एक कार्ड. मिसेस थिओडोरा बेलिंगहॅम. कोपरा दुमडलेला.

मी म्हटलं, "बाईसाहेब, तुमचं जुनं कार्ड जपून ठेवलं हो त्यांनी."

बाईंनी कार्ड माझ्यापुढे धरलं आणि नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं. आम्ही बसलो होतो त्याच घराचा पत्ता होता. त्या घरात बाई नव्व्याण्णवच्या एप्रिलमध्ये राहायला आल्या होत्या.