खाजेची गोळी

“औषध बंद केलं डॉक्टरांनी. झालं तुझं समाधान?” दवाखान्याची पिशवी जेवणाच्या टेबलावर आदळत भाऊ म्हणाला, आणि ताईच्या हातातलं ताट हातातच राहिलं...

भावाच्या लेकीच्या, ठकीच्या जन्मानंतर वर्षभरात तिची आई गेली, तेव्हा जिवाणूंवरचं आपलं संशोधन अर्धवट टाकून ताई या घरात आली होती. आणि आता नऊ वर्षांच्या ठकीच्या रक्तात कर्करोग निघाला होता. तिला टोचायचं औषध म्हणजे जिवाणूपासूनच काढलेलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, होतं, कर्कपेशींचं अन्न तोडून त्यांना उपाशी मारणारं. पण परकं म्हणून शरीर कधीकधी त्याच्यावरच उलटतं, अंगावर गांधी उठतात. गांधी दिसल्या तर औषध थांबेल, या धास्तीने भाऊ प्रत्येक इंजेक्शनआधी डॉक्टरांच्या नकळत लेकीला घरीच गांधी दाबणारी खाजेची गोळी देत होता. ताईला ते कळलं आणि तिने डॉक्टरांच्या कानावर घातलं.

“सख्खी आई असती तर तिने असं केलं नसतं,” भाऊ म्हणाला.

ताईने ताट धुवायला घेतलं.

औषध थांबवून तपासलेल्या रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी भावाला आत बोलावलं. “औषधाचा रक्तात मागमूस नाही. शरीर ते कधीपासूनच निकामी करत होतं. गांधी उठल्या असत्या तर आम्हाला तेव्हाच समजलं असतं. आता दुसऱ्या जिवाणूचं औषध देऊ... पण मधल्या काळात आजाराने पुन्हा डोकं वर काढलंय. बहिणीला रागावू नका हं. ‘गोळी मीच देत होते’ असं सांगून फार रडल्या त्या.”

भाऊ वॉर्डात आला. ताई ठकीचे पाय चेपत होती. त्याच्या चेहऱ्याकडे पाहताच तिने नकारार्थी मान हलवली, पण तो खाली फरशीवरच बसला.

“ठके, चूक आत्याची नाही, ती गोळी मी...”

“बाबा, गिळत तर मीच होते ना?” ठकी क्षीण हसली. “आत्या म्हणाली, कुणाला बोलायचं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून.”

त्याने ताईच्या पायांवर डोकं टेकलं. “ताई, मीच घालवलं गं सगळं...”

“ऊठ वेड्या. पोर बघतेय,” ताई म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं.

ठकीने डोळे मिटून घेतले होते. तिला दोघांना रडताना बघायचं नव्हतं.