काचेला चिकटलेली बहीण

"घाबरलात तर माझ्या अंथरुणात शिरायचं नाही, आधीच सांगतो," मामा म्हणाले. गच्चीवर आडवी झालेली भाचरं खिदळली. "हे माझ्या दोस्ताचं आहे, फोटोवाल्याचं. मार्चमधल्या शेवटच्या शनिवारचं."

फोटोवाल्याचा हात सोन्याचा. म्हाताऱ्याच्या सुरकुत्या उजेडात अशा धरायचा की म्हातारा राजा दिसावा. पण घाई पाचवीला पुजलेली.

एक शिंपीण त्याच्याकडे आली. वारलेल्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक फोटो, फ्रेमसकट. ओल लागून फोटो काचेला चिकटलेला. "मोठा करून द्या, दादा. पण जपून हं. एवढीच उरलीय ती."

असा फोटो सोडवायला जायचंच नसतं. काचेवरूनच त्याचा फोटो काढायचा. हे त्याला काय कळत नव्हतं? पण यानं कोरडाच ओढला. हातात आला पांढरा कागद, चेहरा राहिला काचेवर. ब्लेडनं खरवडायला गेला, हनुवटीवर ओरखडा उठला, मग सगळाच चुरा. यानं काच पुसून टाकली.

मग जुन्या फोटोंतून तशाच चणीची एक परकी पोर उचलली. रंग काढले, अर्धा चेहरा सावलीत बुडवला, फ्रेमला नवी काच घातली. काळ्या-पांढऱ्यात सगळं खपतं!

शिंपिणीनं बराच वेळ पाहिलं. "डोळे... हिचे नाही वाटत."

"ताई, तुम्हीच विसरलात. गेलेल्या माणसाचा चेहरा पुसट होतोच."

ती ओशाळली. "असेल बाई. माझंच चुकलं असेल." फ्रेम छातीशी धरून गेली.

तिचं ते ओशाळणं त्याच्या डोक्यातून जाईना. जेवता जेवता थांबायचा. बायको म्हणायची, "काय हो, घासात खडा लागला का?"

"मग?" धाकटी भाची कुजबुजली.

"मग गप ऐक."

त्या शनिवारी रात्री अकराच्या सुमाराला, सकाळच्या गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो राहिले म्हणून तो स्टुडिओत गेला. शटर उचललं. दिवा लागेना. मोबाइलचा उजेड टाकला.

पडद्यापुढच्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं. फोटोला बसतात तसं. पाठ ताठ. हात मांडीवर.

"कोण आहे?"

उजेड वर नेला. मान होती. केस होते. मधे... कोरा कागद.

"दादा... माझे डोळे कसे होते?"

तो आठवू लागला. आठवेना. काच हातात होती. पुसली. पण पाहिलं... नव्हतंच.

"सांगा ना..."

मोबाइल पडला. उचलला, तर स्टूल रिकामं.

उजाडताच तो शिंपिणीच्या दारात. खरं सांगायचं, पाय धरायचे. तर तीच हात जोडू लागली. "दादा, तुम्हाला उगाच बोलले हो. आज नीट पाहिलं. डोळे हिचेच आहेत. मीच करंटी, सख्ख्या बहिणीला विसरले."

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं.

"आणि सांगितलंच नाही?" भाची उठून बसली.

"काय सांगणार? त्यानं भिंतीकडे पाहिलं ना..."

फ्रेममधला कागद पांढराफटक. चेहरा नव्या काचेला आतून चिकटलेला. डोळे सरळ त्याच्यावर.

आणि हनुवटीवर... ब्लेडचा ओरखडा.