बोलण्याआधीची मालकी

प्रयोगशाळेचं काचेचं दार ढकलून वासुमामा धुरी आत शिरले, तेव्हा कालच्या दशावतारी खेळातल्या राजाचा लाल रंग अजून त्यांच्या कानामागे होता. नीट तोंड न धुताच हा माणूस तडक वेंगुर्ल्याला भाचीकडे आला, यावरूनच डॉ. शर्वाणी परबनं ओळखलं, की प्रकरण साधं नाही.

"शर्वाणी, तुझ्या मशिनान माझा तोंड बांधल्यान गो!"

दशावतारात संहिता नसते. रंगपटात बसून त्या दिवशीचं आख्यान ठरतं. पुढे राजा काय बोलणार, हे खुद्द राजालाही ठाऊक नसतं. समोरच्या राक्षसानं टोमणा मारावा आणि उत्तर जिभेवर यावं, अशी ती रीत. काल जत्रेत मामा राजा होऊन उभे राहिले, पहिलं वाक्य फेकलं, आणि माइक मुका झाला. हल्लीचे माइक प्रत्येक वाक्य जागतिक स्वामित्वनोंदीशी ताडून पाहायचे. बाजूच्या पडद्यावर अक्षरं उमटली : हे भाषण दुसऱ्याच्या मालकीचं आहे.

"माकाच अजून सुचला नाय हुता, तर ता दुसऱ्याचा झाला कसा?"

"पूर्वकथकामुळे," शर्वाणी ओशाळून म्हणाली. "माणूस कितीही आयत्या वेळचं बोलला, तरी त्याच्या बोलण्याला वळण असतं, मामा. तुमची जुनी रेकॉर्डिंग ऐकवली, की पुढे तुम्ही काय काय बोलू शकाल, ते हे यंत्र आधीच मांडतं. घसा गेलेल्या नटांसाठी मी ते बनवलं होतं."

"आणि आम्ही ते नोंदवलं," मागून आवाज आला. तिच्या कंपनीचे कायदेप्रमुख निनाद कारखानीस कॉफीचा कप हातात घेऊन उभे होते. "पूर्वी कायदा विचारायचा, निर्माण कुणी केलं? मग यंत्रं लिहू लागली आणि त्या प्रश्नाला अर्थच उरला नाही. शेवटी सगळ्या देशांनी करार केला : ज्याची नोंद आधी, त्याची मालकी. आशय जुळला तरी पुरे. तुमची भाषणं तुम्हाला आम्ही भाड्यानं देऊ की!"

"मी कुडाळच्या कोर्टात जातंय!"

"जा ना. कंपनी सातासमुद्रापार नोंदलेली आहे."

मामा त्यांच्याकडे वळले. "उद्या परत जत्रा आसा रे. रंगवलेलो राजा मुको उभो रवतलो?"

शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! पण आवाज तिनं मऊच ठेवला. "साहेब, पूर्वकथक कुणीही वापरू शकतं ना?"

"अर्थात! भाडं भरा, वाटेल ते खायला घाला. निघेल ते तुमचं."

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. "मामा, कंपनीच्या नोटिसा किती आल्यात?"

"पोत्यान! सगळ्या मंडळांका इल्यात."

"घ्या सगळ्या. चला."

दुसऱ्या दिवशी जत्रेत मामांनी माइक बाजूला सारला आणि नुसत्या घशावर राजा उभा केला. शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा टाळ्या पिटत होती. नाटक चालू असतानाच कारखानीस रंगपटात येऊन थडकले, घामाघूम.

"आमची बंदीची नोटीसच स्वामित्वनोंदीचं कार्यालय परत पाठवतंय! म्हणे, मजकूर धुरी दशावतार मंडळाच्या मालकीचा आहे."

"आहेच," शर्वाणी म्हणाली. "तुमच्या नोटिसा आम्ही पूर्वकथकाला खायला घातल्या आणि पुढचं सगळं मंडळाच्या नावावर नोंदवलं. नोटिसा, दावे, अपिलं. नट तरी रोज नवं बोलतो हो. तुमचं वळण ओळखायला यंत्राला कितीसा वेळ?"

कारखानीस मटकन पेटाऱ्यावर बसले. कंपनीला आता कुणाविरुद्ध तोंड उघडायची सोय उरली नव्हती. शेवटी नोंद करण्यासाठी त्यांनी फोन तोंडापाशी धरला. "बरं. सगळ्या नटांवरचा हक्क आम्ही सोडत आहोत."

फोन चिवचिवला. हा मजकूर धुरी दशावतार मंडळाच्या मालकीचा आहे.

शर्वाणीलाही हे नवीन होतं. तिनं घाईघाईनं नोंदी चाळल्या आणि तिला हसू आवरेना. "मी फक्त एवढंच विचारलं होतं, की ही माणसं यापुढे काय काय बोलू शकतील. माघारही त्यात आलीच की!"

तेवढ्यात मामा आत आले. ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "परवानगी दितंय. हक्क सोडलंस, की तुझ्या माघारीच्या नोंदीर अंगठोय लावतंय. पण कागदार नको. थंय, मंचार, लोकांसमोर बोलायचा. माइक नाय."

"बोलेन. फक्त मसुदा करायला थोडा वेळ..."

"आमच्यात लिवलेला चलना नाय. राजा इचारतलो, तू जबाब दी."

मामा पुन्हा रंगमंचावर गेले. मृदंगावर थाप पडली, तलवार वर गेली, आणि राजाचा आवाज अख्ख्या जत्रेवर घुमला, "बोल, शरणागता! आमची वाणी तू कोणत्या अधिकारानं हरण केलीस?"

शर्वाणीनं कारखानिसांना पाठीमागून हलकेच पुढे ढकललं. समोर माणसंच माणसं होती. त्यांनी घसा खाकरला. जन्मात पहिल्यांदाच त्यांना न लिहिलेलं काहीतरी बोलायचं होतं.