मेटाडोरचा डावा दिवा

साजिद, तो टॉर्च खाली कर. कोणाच्या डोळ्यात नको मारू. लाइन येईल तवा येईल, अंधारात बसलं म्हणून कोणी मरत नाई. उजेडानं मरते माणूस... हसून काहून राहिला? माझ्याच गिऱ्हाइकाची गोष्ट आहे. अन् त्यात थोडा मीही आहो.

शेंदूरजनाघाटचा ओमप्रकाश. त्याची मेटाडोर होती. संत्रा भरून इथं बाळापूरले आणायचा आणि रिकामे क्रेट घेऊन रातच्या रात वापस. दोन हजार सहाची गोष्ट. गाडीच्या दिव्यांचं काम माझ्याच दुकानात. एक दिवस म्हणे, "वाहेदभाई, काचेवरचा काळा पट्टा खरवडून टाका. अन् शंभरचा बल्ब लावून द्या. मले रस्ता दिसत नाई."

तुमाले तो पट्टा माहीत नसंल. तवा हेडलाइटच्या काचेवर वरच्या अंगानं काळा रंग मारत. उजेड रस्त्यावर पडावा, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, "पोलीस अडवतीन ना बाप्पा!" तो म्हणे, "मी मुलताईलेही जातो. तिकडे मध्यप्रदेशात कोणी इचारत नाई." आता हद्द बदलली म्हणून माणसाचे डोळे बदलतात का? पण गिऱ्हाईक जुनं पडलं. मी ब्लेड घेतलं आणि दोन्ही पट्टे खरवडले. याच हातानं.

पुढचं त्यानं मले मागाहून सांगितलं. बारा डिसेंबरच्या रात्री, गावाच्या अलीकडच्या नाल्यावर पूल आहे, तिथं समोरून लुना आली. तेव्हा शेतीची लाइन रात्रीच देत, म्हणून पाणी सोडाले माणसं रात्रीच संत्र्याच्या बगीच्यात जात. लुनावाल्याचे डोळे दिपले. त्यानं एक हात डोळ्यांवर धरला. अशा वेळी ड्रायव्हर डिप्पर देते, उजेड खाली घेते. ही रीतच आहे रस्त्याची. ओमप्रकाशनं नाई दिला. नव्या दिव्यांची मस्ती होती, दुसरं काय! पूल ओलांडला, आरशात पाहिलं, तर मांगं लुना नाई. थांबावं का नाई माणसानं? तो थांबला नाई.

सकाळी पुलाखाली डोमाजी सापडला. ओमप्रकाशच्या घराजवळच राहायचा. उजव्या हाताची करंगळी जिनिंगच्या मशिनीत गेलेली, तोच. जीव गेला होता, पण लोकांनी उचलला तेव्हा अंग अजून गरम होतं. म्हणजे रातभर जित्ता होता तो तिथं. ओमप्रकाशनं त्याले खांदा दिला, अन् तोंडातून एक शब्द काढला नाई.

आठ दिवसांनी, वीस डिसेंबर, बुधवार. ओमप्रकाश बाळापूरहून क्रेट घेऊन निघाला. सव्वा दोन वाजता तोच पूल. चंद्र नव्हता. उजेडाच्या टोकाले एक माणूस उभा होता. हात डोळ्यांवर.

ओमप्रकाशनं ब्रेक मारला. डिप्पर दिला. उजेड खाली गेला नाई.

पुन्हा दिला. नाई.

बटन बंद केलं. दिवे चालूच.

इंजिन बंद केलं, चावी काढली. खाली उतरून पान्यानं बॅटरीची वायर सोडली. वायर हातात... अन् दिवे जळूनच राहिले.

माणूस जवळ आला होता. चालताना दिसला नाई. नुसता जवळ.

ओमप्रकाश दिव्यांसमोर गेला. अंगातला स्वेटर काढून उजव्या दिव्यावर अडकवला. डाव्यावर दोन्ही हात धरले. काच पोळत होती. तरी धरले. पाठ त्या माणसाकडे...

थंडी. कुठं कुत्रं नाई. काई नाई.

मग मानेजवळ... अगदी जवळ...

"डोळे दुखतात रे, ओम्या."

डाव्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा झाला. त्याच्या हाताखालीच.

त्याच्यापुढचं त्याले आठवत नाई. उजाडलं तेव्हा तो पुलावर बसून होता. वायर जोडून तसाच गाडी फिरवून दुपारी माझ्याकडे आला, अन् सगळं सांगितलं. तळहात भाजलेले, दात वाजून राहिलेले.

मी डावा दिवा काढला. मांगून बल्ब काढून फळीवर ठेवला. त्या दिव्याची काच चकचकीत पत्र्याच्या वाटीले पक्की चिकटवलेली राहते, मांगच्या भोकातून दोन बोटंच जातात. काचेवर काजळी होती. रॉकेलनं पुसली, जाईना. आतून होती ती. उजेडात धरली... तळहात होता. अंगठा, अन् तीन बोटं.

मी दिवा पालथा ठेवला, पोरंहो. खोटं काहून सांगू?

मी म्हटलं, "दुर्गाबाईले जाऊन सांग." दुर्गाबाई म्हणजे डोमाजीची बायको. तो रडाले लागला. "गाव मारून टाकीन मले, वाहेदभाई." मी म्हटलं, "मी येतो संगं. पट्टा मी खरवडला आहे."

गेलो. त्यानं सगळं सांगितलं. मी माझं सांगितलं. दिवा तिच्यासमोर ठेवला. वाटलं, बाई शिव्या देईन, दगड घेईन. ती वाकली, अन् काचेवरच्या त्या हातावर आपला हात ठेवला. मग हळूच म्हणे,

"गरम आहे अजून."

बल्ब तर बाळापुरात, माझ्या फळीवर होता.